पडून असलेलं घर

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, अर्ध्या टक्क्यानं उतरवून साडेपाचवर आणला. फेब्रुवारीपासून मिळून पूर्ण एक टक्का खाली. आमच्या समोरच्या दारातल्या काकांना त्यांच्या बँकेचा मेसेज आला, दर आपोआप कमी झाल्याचा. आम्ही मेसेजची वाट पाहत राहिलो. आमचा दर होता तिथेच, ९.१५ टक्के. इमारत एक, मजला एक, कर्जाची रक्कमही थोडीफार सारखी. फरक एवढाच की त्यांचं कर्ज बँकेचं आणि आमचं एका गृहवित्त कंपनीचं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. काकांनी जुनं कर्जही तेव्हाच त्या पद्धतीत बदलून घेतलं होतं. गृहवित्त कंपन्यांवर ही सक्ती नाही. त्यांचा प्राइम लेंडिंग रेट, म्हणजे कर्जाचा पायाभूत दर, त्या स्वतःच ठरवतात. आमच्या कंपनीचा हा रेट वर जाताना लिफ्टनं जातो आणि खाली येताना जिन्यानं.

कंपनीला फोन केला. दर बदलून घ्यायची कन्व्हर्जन फी भरलीत तर दर ८.६ करून देऊ, असं सांगण्यात आलं. म्हणजे जो दर नव्या गिऱ्हाइकाला हसत देतात, तो जुन्या गिऱ्हाइकानं पैसे भरून मागायचा. त्या फोननंतर नवऱ्यानं त्याच्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी एका लोनवाल्या मुलाचा नंबर आणला.

मुलगा रविवारी सकाळी पुण्यात कर्वेनगरला आमच्या घरी आला. अंगावर फॉर्मल शर्ट, पाठीवर सॅक, बोलण्यात मराठवाड्याचा हेल आणि कॅल्क्युलेटरवर फिरणारी बोटं. तो कुठल्या एका बँकेचा नव्हता, पाच-सहा बँकांचं काम एकदम करणाऱ्या एजन्सीचा होता. त्यानं आमचं स्टेटमेंट पाहिलं. शिल्लक मुद्दल २२ लाख, मुदत नऊ वर्षं, हप्ता ३० हजाराला तीस-एक रुपये कमी. मग त्यानं कागदावर ७.९ लिहून त्याभोवती गोल केला आणि खाली नवा हप्ता लिहिला, १८,२६५.

माझा नवरा खूश झाला. मी एका खाजगी कॉलेजात अकाउंट्समध्ये आहे. हप्ता एवढा कोसळला की माझं लक्ष आधी मुदतीकडे जातं. विचारलं, किती वर्षं? तो म्हणाला, वीस. नऊ वर्षांचं उरलेलं कर्ज वीस वर्षांचं करून त्यानं महिन्याला पावणेबारा हजार रुपये ‘वाचवले’ होते. मी त्याच कागदाच्या मागे गुणाकार केला. आहे तेच कर्ज चालू ठेवलं तर आम्ही एकूण ३२ लाख ३७ हजार भरणार. त्याच्या पद्धतीनं ४३ लाख ८४ हजार. दर सव्वा टक्क्यानं कमी झाला आणि तरी आम्ही साडेअकरा लाख जास्त भरणार होतो. मुदत नऊच वर्षं ठेवली तर खरा हप्ता निघत होता २८,५२७. महिन्याचे साधारण चौदाशे चाळीस रुपये वाचणार. प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, सबरजिस्ट्रारकडे द्यायची गहाणाची नोटीस आणि तिचं शुल्क, असा तीसेक हजारांचा खर्च धरला तर तो भरून यायलाच पावणेदोन वर्षं. त्यानंतर मात्र फायदा. लहान, पण खरा.

मुलाला माझा राग आला नाही. उलट आता हे घर हिशोब कळणाऱ्यांचं आहे असं समजून तो मूळ मुद्द्यावर आला. बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेकडे हलवणं, ही त्यांच्यासाठी फक्त दार उघडायची युक्ती असते. आतला माल म्हणजे टॉप-अप, त्याच घराच्या तारणावर आणखी कर्ज.

“सर, एक कोटी पंधरा लाखाचं घर आणि त्याच्यावर फक्त बावीस लाखाचं लोन,” तो म्हणाला. “मॅडम, घर नुसतं पडून आहे तुमचं.”

त्या वेळी बाल्कनीत वॉशिंग मशीन धडधडत होतं, मुलगी आतल्या खोलीत पाय पसरून अभ्यासाचं नाटक करत होती, गॅसवर वरण होतं. इतक्या वापरातल्या घराला कुणी पडून आहे म्हणावं याचं मला आधी हसू आलं. पण त्याच्या बाजूनं पाहिलं तर तो चुकीचं बोलत नव्हता. आम्ही २०१४ साली ६२ लाखांना घेतलेल्या घराची किंमत आमचं काहीही कर्तृत्व नसताना वाढली होती, आणि ती वाढलेली किंमत खरोखरच नुसती भिंतींत बसून होती. तिला बाहेर काढायचे दोनच मार्ग, विकणं किंवा गहाण ठेवणं.

त्याचा प्रस्ताव असा. आमच्या घरावर २८ लाखांचा टॉप-अप घ्यायचा. पुनावळ्यात एका चालू बांधकामातला ८० लाखांचा टू बीएचके बुक करायचा. बँक त्यावर ८० टक्के, म्हणजे ६४ लाख कर्ज देईल. उरलेले १६ लाख, त्यावर चालू बांधकामाचा पाच टक्के जीएसटी ४ लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सहा लाखांच्या आसपास. सगळं टॉप-अपमध्ये बसतं. वर थोडे मॉड्युलर किचनला उरतात. “तुमचा एक रुपया पण लागणार नाही, सर.”

हे वाक्य त्यानं बक्षीस जाहीर करावं तसं म्हटलं. मला त्यातच सगळी गोम दिसली. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँकेनं घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम काही उगाच नाही. घेणाऱ्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असले की तो झेपेल तेवढंच घेतो, आणि किंमत खाली आली तर धक्का आधी त्याच्या वीस टक्क्यांना बसतो, बँकेला नाही. हे मार्जिन, म्हणजे घेणाऱ्याचा वाटा, टॉप-अपमधून भरलं की कागदोपत्री नियम पाळला जातो आणि प्रत्यक्षात शंभर टक्के, खरं तर शंभराच्या वर, कर्ज होतं. ते वीस टक्के आपलेच वाटतात, पण ते आपल्या राहत्या घराकडून उसने आणलेले असतात. हप्त्यांची बेरीज केली: जुन्या कर्जाचे साडेअठ्ठावीस हजार, टॉप-अपचे सत्तावीस हजार चारशे, नव्याचे त्रेपन्न हजार. एक लाख नऊ हजार. ताबा मिळेपर्यंत त्यासमोर भाड्याचा एकही रुपया नाही, आणि मिळाल्यावर बावीस-तेवीस हजार. महारेरा या गृहप्रकल्पांवरच्या नियामकामुळे आता बिल्डरला गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात हे खरं, २०१७ च्या आधीची बेबंदशाही राहिली नाही हेही खरं. पण ताबा लांबला तर हप्ता आपला थांबत नाही.

पुनावळे तिथेच संपलं. विषय मात्र संपला नाही, कारण नवऱ्याच्या डोक्यात दुसरा फ्लॅट शिरला तो शिरलाच. आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

यामागे भाड्याचं गणित नाही, ते मुळात जुळतच नाही. यामागे आहे आमच्या पासबुकातली एक ओळ. नवरा भोसरीतल्या एका खाजगी कारखान्यात आहे. त्याच्या भविष्य निर्वाह निधीतून जो पेन्शनचा हिस्सा कापला जातो, तो पंधरा हजार पगाराच्या कमाल मर्यादेवर. २०१४ च्या सप्टेंबरपासून ती मर्यादा तेवढीच आहे. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. पगार प्रत्यक्षात कितीही असो, सूत्रात फार तर पंधराच हजार. तीस-बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हातात येणार जास्तीत जास्त साडेसहा-सात हजारांच्या आसपास. आजच्या भावानं ते आमच्या सोसायटीचा मेन्टेनन्स आणि दूध यांत जातील. माझ्या कॉलेजात तर तेही धड नाही. पीएफची रक्कम एकदम हातात येईल, पण ती एकदम येते हाच तिचा दोष आहे. साठाव्या वर्षी एकदम आलेल्या पैशाला भावाच्या मुलाचा धंदा, देवस्थानाची देणगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन अशी अनेक तोंडं फुटतात.

माझे सासरे खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. केंद्र सरकारचं पेन्शन, महागाई भत्त्यासकट, दर महिन्याला. त्यांनी बिबवेवाडीतला फ्लॅट ऐंशीच्या दशकात सरकारी घरबांधणी अग्रिमातून घेतला. त्या कर्जाची रीत आजच्या कुणाला सांगितली तर खोटं वाटेल. व्याज सरळव्याज. आधी मुद्दल फेडायचं, पगारातून कापून, आणि मुद्दल संपल्यावर मग व्याजाचे हप्ते. आणि घर गहाण कुणाकडे, तर भारताच्या राष्ट्रपतींकडे. करारनाम्यावर तसंच लिहिलेलं असे. सगळं फिटल्यावर गहाण सोडवल्याचा दस्त आला तेव्हा बाबांनी घरी सत्यनारायण घातला होता, आणि “राष्ट्रपतींनी घर परत दिलं” असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. सासूबाई अजून त्या दिवशीच्या शिऱ्याचं प्रमाण सांगतात.

अशा माणसाला टॉप-अप समजावणं कठीण. नवऱ्यानं समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “निम्म्यावर आलेलं गहाण पुन्हा दुप्पट करायचं?”

“बाबा, तुम्हाला पेन्शन आहे. आम्ही पेन्शन विकत घेतोय.”

“मग विमा कंपनीची घ्या की. अॅन्युइटी म्हणतात ना तिला.”

बाबांना वाटतं त्यापेक्षा बरंच कळतं. अॅन्युइटीचा पर्याय आम्ही पाहिला होता. तिच्यातली रक्कम सहसा वर्षानुवर्षं तेवढीच राहते, महागाई तिला खात जाते. भाडं निदान दोन-तीन वर्षांनी हजारभर वाढतं. पण मी प्रामाणिकपणे लिहिते, हे कारण आम्ही नंतर शोधलं. आधी होता तो पुणेरी मध्यमवर्गाचा जुनाच विश्वास, की विटांमध्ये घातलेला पैसा कुणी पळवून नेत नाही. म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट मार्च २०२० मध्ये आम्ही दोघांनीही उघडून पाहायचं टाळलं होतं. फ्लॅटची किंमत रोज मोबाइलवर दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. तो दोषही आहे, पण झोप लागते.

पेन्शनच घ्यायची असं एकदा मान्य केलं की बाकीचं त्यातूनच ठरत गेलं. भाडं निवृत्तीनंतर खायचं असेल तर कर्ज निवृत्तीच्या बरंच आधी संपलं पाहिजे. नाही तर म्हातारपणी भाडेकरू आपला हप्ता भरतोय आणि आपण नुसते मधले पोस्टमन. याचा अर्थ लहान फ्लॅट, तयार फ्लॅट, आणि निम्म्याच्या आसपास पैसे स्वतःचे. तयार म्हणजे पूर्णत्वाचा दाखला मिळालेला. त्यावर जीएसटी नाही आणि भाडं पुढच्या महिन्यापासून.

कात्रज, धायरी, मांजरी पाहून आम्ही वाघोलीला पोचलो. वाघोली म्हणजे आमच्या कर्वेनगरहून पुण्याचं दुसरं टोक. नगर रस्त्यावर येरवड्याच्या पुढे गाडी लागली की गप्पा संपतात, गाणी संपतात, विमाननगर काही संपत नाही. जून २०२१ मध्ये जी तेवीस गावं महापालिकेत आली त्यांत हे एक. गाव महापालिकेत आलं, महापालिकेचं पाणी मात्र त्या गतीनं आलं नाही. सोसायट्यांच्या फाटकावर टँकर उभे असतात आणि त्यांचा खर्च मेन्टेनन्समध्ये दिसतो. राहायला मी तिथे जाणार नाही. पण खराडीचे आयटी पार्क तिथून जवळ, आणि तिथल्या तरुण पोरांना कर्वेनगरची शांतता नको असते, ऑफिसचं अंतर हवं असतं. वन बीएचके, जुना मालक नागपूरला बदलून गेलेला, किंमत ४४ लाख.

घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, पण खरेदीदार फक्त बाई असेल तर एक टक्का सवलत. चव्वेचाळीस हजार रुपये वाचले. टॉप-अपचा हप्ताही माझ्याच पगाराच्या खात्यातून जातो. ते मुद्दाम, कारण नवऱ्याच्या पैशानं बायकोच्या नावावर घेतलेल्या घराचं भाडं प्राप्तिकर खातं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतं. शुल्क, नोंदणीचे तीस हजार, दलाली, सोसायटीची हस्तांतरण फी असं सगळं मिळून साडेसत्तेचाळीस लाख. त्यातले २८ टॉप-अपचे, बाकी मुदत ठेवी मोडून आणि थोडे म्युच्युअल फंड विकून.

इथे कुणीही शहाणा माणूस विचारेल, आणि आमच्या सीएनं विचारलंच, की निम्मे पैसे स्वतःचे घालताय तर टॉप-अप कशाला? वाघोलीच्या फ्लॅटवरच साधं गृहकर्ज का नाही? टॉप-अपचा दर ८.४, गृहकर्जाचा ७.९. पंधरा वर्षांसाठी २८ लाखांवर हा फरक महिन्याला आठशे रुपयांचा पडतो.

यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी लग्नाच्या हॉलवर झाली नव्हती. माझं म्हणणं होतं, नव्या घराचं कर्ज नव्या घराच्या डोक्यावर असावं. नवऱ्याचं म्हणणं उलटं. वेळ वाईट आली, नोकरी गेली, तर आपण कुठलं घर विकू? वाघोलीचं. मग विकायचं घर मोकळं असलं पाहिजे. त्यावर बँकेचा बोजा असेल तर आधी तिचं पत्र, मग पैसे भरणं, मग कागद परत, आणि तोवर गिऱ्हाईक पळतं. बोजा नसेल तर महिन्याभरात व्यवहार होतो. राहतं घर आपण विकणारच नाही, ते गहाण असलं काय नि नसलं काय. आठशे रुपये हा त्या सुटकेचा विमा.

युक्तिवाद चांगला होता. मी मान्य केला, आणि आजही मला तो पटतो. पण त्यात एक अट आहे, ती त्यानं मोठ्यानं म्हटली नाही. हप्ते नव्वद दिवस थकले की बँक खातं अनुत्पादक, म्हणजे थकीत, धरते, आणि मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देऊ शकते. कोर्टात जायची गरज तिला नाही. ती नोटीस वाघोलीच्या दारावर लागणार नाही, कर्वेनगरच्या लागेल. म्हणजे वाईट वेळ ओळखून वाघोली विकायला काढण्याइतकं भान आम्हाला वेळेत आलं पाहिजे, हे त्या सगळ्या रचनेत गृहीत आहे. नोकरी गेलेली माणसं पहिले चार महिने दुसरी मिळेलच म्हणून काढतात. मी ते जवळून पाहिलेलं आहे.

बाबांना हा मोकळ्या घराचा मुद्दा सांगितला तेव्हा ते म्हणाले, “विकायची वेळ येईल असं धरूनच घेताय, तर घेताय कशाला?” नवऱ्यानं चहाचा कप उचलून आत नेला.

कर्ज हलवण्याच्या कामाबद्दल लिहायला फारसं काही नाही. ज्यानं केलंय त्याला माहीत आहे. जुन्या कंपनीनं फोरक्लोजरचं, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं, पत्र द्यायला जमेल तेवढा उशीर केला. व्यक्तीनं घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायला मनाई आहे, त्यामुळे अडवायला त्यांच्याकडे उशिराखेरीज काही नव्हतं. मध्येच त्यांच्या एका बाईंचा गोड फोन आला, “मॅडम, आम्ही ८.१ करून देतो, जाऊ नका.” पंधरवड्यापूर्वी ८.६ साठी फी मागणारे हेच लोक. फ्लोटिंग कर्ज असलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी निघून जायची धमकी द्यावी, असं माझं मत झालंय. काही लोकांना प्रत्यक्ष जावंही लागत नाही.

नव्या बँकेचा डीडी जमा झाल्यावर मूळ कागद आमच्यासमोर मोजून दिले. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यायचे, नाही तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यामुळे असेल, फाइल वेळेत आली. त्यातला २०१४ चा करारनामा मी चाळला. आपल्याकडे नोंदणीच्या वेळी प्रत्येकाचा फोटो काढून अंगठ्याच्या ठशासकट दस्ताला जोडतात. वेबकॅमनं वाकडा काढलेला माझा फोटो त्यात होता, केस अजून सगळे काळे, आणि खांद्यापाशी एक लहानसा हात, कारण मुलगी कडेवरून उतरायलाच तयार नव्हती. नव्या बँकेच्या माणसानं घड्याळ पाहिलं. सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या केल्या होत्या, त्यावर सह्या केल्या आणि फाइल पुन्हा दुसऱ्या पिशवीत गेली.

आता आकडे, कारण ते न सांगता अशा गोष्टी सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. भाडं पंधरा हजार. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. त्यातून टँकरसकट मेन्टेनन्स तीस हजार, दोन भाडेकरूंच्या मधला एक रिकामा महिना, मिळकतकर, गीझर, नळ असं वजा केलं की सव्वा लाख उरतात. साडेसत्तेचाळीस लाखांवर हे होतात २.६ टक्के. टॉप-अपवर आम्ही देतो ८.४. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच सव्वादोन लाखांच्या वर. मोडलेल्या ठेवींचं गेलेलं व्याज धरलं तर फ्लॅटची किंमत दरवर्षी साधारण पाच टक्क्यांनी वाढावी लागते, तेव्हा कुठे बरोबरी. विकताना नफ्यावर १२.५ टक्के कर, आणि जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाची सवलत नाही. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचं व्याज भाड्यापुरतंच वजा होतं, त्यापुढचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. टॉप-अपचं व्याज एवढं तरी वजा करता यावं म्हणून सीएच्या सांगण्यावरून पैसे थेट कर्जखात्यातून विकणाऱ्याच्या खात्यात पाठवले. तो पैसा घरासाठीच वापरला याचा माग राहावा लागतो. मधल्या कुठल्या खात्यात फिरवून घेतला असता तर पुरावा गोळा करत बसलो असतो.

आणखी एक गोष्ट पुण्याबाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत ही आपल्या महापालिकेची १९७० पासूनची रीत. मध्यंतरी शासनानं ती काढून घेतली, आरडाओरडा झाला, २०२३ मध्ये परत आली, आणि तेव्हा लोकांनी स्वतः राहत असल्याचा पीटी-३ हा अर्ज भरायला क्षेत्रीय कार्यालयांत रांगा लावल्या. राहत्या घरासाठी तो अर्ज भरताना मला फार अभिमान वाटला होता. दुसऱ्या घराला ती सवलत नाही. तिथे आपण राहत नाही असं आपणच भाडेकराराची नोंदणी करून जाहीर केलेलं असतं.

भाडेकरू जळगावचे दोन मुलगे आहेत. एक खराडीत टेस्टिंगमध्ये, दुसरा काय करतो ते त्याला नीट सांगता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन झाला, पोलिसांकडची माहितीही गेली. पहिल्या महिन्यात बाथरूमचा फ्लश बिघडला म्हणून त्यांचा फोन आला. “काकू, सॉरी, पण...” अशी सुरुवात. त्या काकू म्हणण्यानं माझा नाइलाज होतो. प्लंबरचे पैसे मीच दिले. नवरा म्हणतो, मालकिणीनं एवढं मऊ असू नये. तो स्वतः अजून त्या मुलांशी एकदाही बोललेला नाही.

टॉप-अप पंधरा वर्षांचा आहे आणि मी सत्तेचाळीसची. तसाच चालू दिला तर बासष्टीला संपेल, म्हणजे सगळा हेतूच बुडाला. पण फ्लोटिंग कर्जात वरचे पैसे केव्हाही भरता येतात. हप्ता तोच ठेवून दरवर्षी दोन लाख जादा भरले तर ते सात-सव्वासात वर्षांत संपतं, माझ्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आत. जुन्या कर्जाची मुदत आम्ही नऊच वर्षं ठेवली, ते त्याच सुमाराचं. जादा पैसे भरायचे ते टॉप-अपमध्ये, कारण त्याचा दर जास्त. यावर घरात मतभेद नाही.

मतभेद आहे तो दोन लाखांवर. नवऱ्याचा बोनस दिवाळीला येतो. मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिला आर्किटेक्चर करायचंय, पाच वर्षांचा कोर्स, आणि खाजगी कॉलेजची फी आम्ही आत्ताच चौकशी करून आलो. बाबांनी परवा सहज विचारलं, पोरीच्या शिक्षणाला पैसे कमी पडले तर वाघोली काढणार का. नवरा नाही म्हणाला, मी हो म्हणाले, दोघं एकाच वेळी. नवऱ्यानं मग शैक्षणिक कर्जाचे दर काढून ठेवलेत. कागद फ्रीजवर आहे, माझा अजून वाचून व्हायचाय.